मागच्या डाव्या कोपऱ्यातला पाऊस

चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या सराउंड स्पीकरचं खोकं उघडल्यावर सगळ्यात वर एक चित्र निघालं. प्रशस्त खोली, मधोमध सोफा, समोर टीव्ही, सोफ्याच्या मागे दोन्ही बाजूंना काटकुळ्या स्टँडवर उभे दोन स्पीकर आणि कोपऱ्यात एक कुंडी. खोलीला दार नव्हतं. चपलांचं कपाट नव्हतं, देवघर नव्हतं, लाइटचं बिल खोचायला खिळा नव्हता. सोफ्याच्या मागे एवढी जागा मोकळी होती की तिथे आमच्या सोसायटीची वार्षिक सभा भरवता आली असती, कोरमसकट.

आमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे. पुण्यात कुणाचा नसतो? अकरा बाय सोळाच्या हॉलमध्ये सोफा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढला, तर आलेले नातेवाईक ‘रंग काढताय का?’ असं विचारतात.

हौस माझी, आग्रह मुलाचा, आणि “ठेवणार कुठे आहेस?” हा प्रश्न बायकोचा. कॉलेजात असताना मी तपकीर गल्लीत मीटरवर स्पीकरची वायर घ्यायला जायचो. त्याच गल्लीत या वेळी दुकानदार म्हणाला, “काका, आता वायरचं झंझटच नाही.” घरी आल्यावर कळलं, की आवाजाची वायर नाही, विजेची आहेच. टीव्हीखालचा लांबट बार, मागचे दोन आणि जमिनीवर बसणारा ठोकळा, म्हणजे खर्जाचा सबवूफर, थोडक्यात सब. नग चार, प्लग चार. पूर्वी मागच्या स्पीकरची वायर अँप्लिफायरकडे जायची, आता भिंतीकडे जाते. आणि आमच्या जुन्या इमारतीत हॉलला पॉइंट दोनच. एक टीव्हीमागे, दुसरा दारामागे, इस्त्रीचा. त्यामुळे बिनतारी यंत्रणेसाठी सगळ्यात आधी काय आणलं असेल, तर पाच मीटर वायरचं एक्स्टेंशन.

“आजी, यात डॉल्बी आहे,” मुलाने उत्साहाने सांगितलं.

“घरात डॉल्बी?” आई दचकलीच. तिच्या लेखी डॉल्बी म्हणजे विसर्जनाच्या रात्री ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत. तिचं तरी काय चुकलं? रे डॉल्बी नावाच्या माणसाने १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली, ती टेपवरची सूं-सूं घालवण्यासाठी. त्याआधीची दोन वर्षं तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतातच होता. आवाजातला कचरा काढणाऱ्या या गृहस्थाच्या नावाने आज महाराष्ट्रात खिडक्यांच्या काचा थरथरतात. देवघरातले गणपती थरथरणार नाहीत, असं आईला लेखी दिल्यावर काम सुरू झालं.

मागचा उजवा स्पीकर देवघराशेजारच्या पुस्तकांच्या कपाटावर गेला, डावा गॅलरीच्या दाराच्या वर ब्रॅकेटला. नियमाप्रमाणे हे दोघे बसणाऱ्याच्या कानामागे थोडे, समोरच्या रेषेपासून ११० ते १२० अंशांवर हवेत. आमचे अनुक्रमे नव्वदच्या आसपास आणि देव जाणे कितीवर आहेत.

मग अंतरं. मोबाइलमधल्या अ‍ॅपला प्रत्येक स्पीकर कानापासून किती लांब आहे ते सांगावं लागतं. कारण साधं आहे. आवाजाला एक फूट कापायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. लांबचा स्पीकर नऊ फुटांवर आणि जवळचा चारवर असेल, तर जवळच्याला पाच मिलिसेकंद थांबवून ठेवायचं, म्हणजे सगळे एकदम पोचतात. पंगतीत पहिल्या पानावरच्याने वदनी कवळ होईपर्यंत थांबायचं, तसं. आणि हे नुसतं शिष्टाचार म्हणून नाही. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ साली दाखवून दिलं, की तोच आवाज दोन ठिकाणांहून किंचित मागेपुढे आला तर कान दोन आवाज ऐकत नाही. एकच ऐकतो आणि जो आधी पोचला त्याच्या दिशेने तो आला असं समजतो. आमच्या सोसायटीच्या सभेतही नेमका हाच नियम चालतो.

मुलाने समोरचं अंतर मीटरमध्ये भरलं, २.७. मागचं मी भरलं. बायकोच्या शिवणाच्या टेपने मोजून, फुटात, ४. यंत्राला वाटलं मागचे स्पीकर चार मीटरवर, पार शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये आहेत. त्याने इमानदारीने समोरच्यांना थांबवलं आणि मागच्यांना सोडलं. परिणाम असा, की गाणं लावलं तर गाणारी समोर आणि तिच्या साथीची अख्खी व्हायोलिनं माझ्या मानेवर. मला वाटलं, हेच ते सराउंड! दोन दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते कौतुकाने ऐकवत होतो. तिसऱ्या दिवशी मुलाने आकडे पाहिले. “बाबा, हा रकाना मीटरचा आहे,” एवढंच म्हणाला. हसला नाही, हे जास्त लागलं.

सबची गोष्ट वेगळी. ८० हर्ट्झच्या खालच्या, म्हणजे खर्जातल्या आवाजाची एकेक लाट चार मीटरहून लांब असते, आमच्या हॉलची रुंदीही तेवढी नाही. असा आवाज कुठून येतोय हे कानाला कळत नाही, म्हणून ठोकळा कुठेही ठेवला तरी चालतो, असं म्हणतात. चालतो, पण कोपऱ्यात ठेवला तर घुमतो, आणि काही जागी गेलात तर गायबच होतो. चांगली जागा शोधायची एक मान्य पद्धत आहे. सब उचलून आपल्या बसायच्या जागी सोफ्यावर ठेवायचा, काहीतरी दणदणीत लावायचं आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे आवाज नितळ आणि सारखा वाटेल तिथे सब ठेवायचा. बावन्नाव्या वर्षी मी रांगत टीपॉयखालून बाहेर आलो, तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

“काय हरवलंय?”

“काही नाही, आवाज शोधतोय.”

ती आत निघून गेली. नंतर बराच वेळ आत कुजबुज चालू होती.

जागा सापडली, शोकेसच्या बाजूला. चार दिवसांनी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. खुर्चीवर बसले, पाणी घेतलं, पावसाचा अंदाज विचारला आणि मग अगदी सहज म्हणाले, “काय हो, तुमच्याकडे रात्री दळण असतं का?” निवासी भागात रात्री दहानंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, हे त्यांना पाठ होतं, मला नव्हतं. आता सबखाली बायकोची जुनी योगाची चटई घडी करून ठेवली आहे आणि दहा वाजले की नाइट मोड. त्यात मोठे आवाज दाबले जातात आणि बारीक उचलले जातात. स्फोट आणि कुजबुज साधारण एकाच आवाजात होतात. पुण्याच्या मध्यमवर्गीय भांडणासारखं.

उरलं होतं खोलीचं मोजमाप. यात स्पीकर जाड्यापासून बारीक आवाजापर्यंत एक लांबलचक हुंकार सोडतात आणि आपण मोबाइल वरखाली हलवत खोलीभर फिरायचं. भिंती, पडदे, गाद्या आवाजाचं काय करतात ते तो ऐकतो. अट एकच, शांतता. पहिल्यांदा कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्यांदा भंगारवाला आला. तिसऱ्यांदा कोकिळेने वाट लावली. मे महिन्यातल्या कोकिळेइतका हेकट प्राणी नाही. दर वेळी पडद्यावर तेच, ‘आजूबाजूला फार आवाज आहे’. शेवटी रविवारी दुपारी अडीचला जमलं. आम्हा पुणेकरांच्या दुपारच्या झोपेवर जगाने काय काय विनोद केले आहेत! पण असं मोजमाप एकाच बैठकीत उरकायची सोय दुसऱ्या कुठल्या शहराने ठेवली आहे, ते सांगा.

आता खरी अडचण. ही सगळी अंतरं, अंश, डेसिबल एका जागेसाठी असतात. त्या जागी बसलेल्या माणसासाठी विमान डोक्यावरून बरोबर मागे जातं. इतरांसाठी ते आपलं कपाटाजवळ कुठेतरी पडतं. ही जागा म्हणजे सोफ्याची बरोबर मधली गादी. आणि आमच्या सोफ्याच्या मधल्या गादीवर गेली कित्येक वर्षं वाळलेल्या, घडी घालायच्या कपड्यांचा ढीग असतो. मी उजवीकडे बसतो, बायको डावीकडे, मुलगा जमिनीवर उशी घेऊन, आई गॅलरीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत. घरातला सर्वोत्तम आवाज रोज टॉवेल आणि बनियन ऐकतात.

लहानपणी असं नव्हतं. प्रभातला, म्हणजे आताच्या किबे लक्ष्मीला, किंवा अलकाला आवाज पडद्यामागून एकाच ठिकाणाहून यायचा. पडद्याला बारीक भोकं असतात, त्यांतून तो बाहेर येतो, म्हणून नायिका बोलते ते तिच्या तोंडून आल्यासारखं वाटतं. ही भोकं मला काकाने दाखवली होती, मध्यंतरात अगदी पुढे नेऊन, आणि त्यानंतरचा अर्धा सिनेमा मी भोकंच शोधत होतो. बाल्कनीवाल्याला जे ऐकू यायचं तेच पुढच्या स्टॉलवाल्याला, फक्त मान दुखायची ती वेगळी. मागून कुणी गोळ्या झाडत नव्हतं. मागून फक्त शेंगदाणे सोलल्याचा आवाज यायचा, आणि तो बाकी पूर्ण सराउंड असायचा.

आईचा उजवा कान दहा वर्षांपूर्वी गेला. डावा शाबूत आहे, तोच गॅलरीकडे. दूधवाल्याची सायकल, खालच्यांचं गेट, वरच्या मजल्यावरून पडलेला चिमटा, सगळं त्याच कानाने तिला आमच्या आधी कळतं. पण मालिकेतलं बोलणं नीट कळत नाही. ते बारच्या मधल्या स्पीकरमधून येतं, आणि मागचा डावा तिच्या डोक्यावर दोन फुटांवर गरजत असतो. एका रात्री सगळे झोपल्यावर मी तिच्या खुर्चीत बसलो. बापरे. कोर्टातला वकील समोर पुटपुटत होता आणि कोर्टाबाहेरची गर्दी माझ्या खांद्यावर उभी होती. सगळी अंतरं पुन्हा घेतली, त्या खुर्चीपासून. मधला स्पीकर तीन डेसिबल वर, मागचा डावा सहा खाली. मुलगा म्हणाला, आता विमान तिरकं जातं. जाऊ दे म्हटलं, लोहगावलाच उतरायचंय त्याला.

तरी एक दिवस गंमत झालीच. सिनेमात पाऊस सुरू झाला. कमी केलेला असूनही मागच्या डाव्यातून अशी सर आली, की आई पटकन उठली, गॅलरीचं दार उघडलं आणि दोरीवरचे कपडे भराभरा काढून आत आली. बाहेर रणरणतं ऊन होतं. मुलगा इतका हसला, की तिने पुढचे दोन दिवस सिनेमा बघायचं नाकारलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दुसरं काहीतरी बघत होतो. पुन्हा पाऊस लागला, चांगला धो-धो. कुणी हललं नाही. आईने माझ्याकडे बघून मान हलवली, आता नाही फसणार, अशी. दहा मिनिटांनी पडद्यावरची माणसं वाळवंटात चालत होती आणि पाऊस थांबत नव्हता, तेव्हा बायको किंचाळली.

चादरींसकट सगळं भिजलं होतं. त्या रात्री मधल्या गादीवर ढीग नव्हता, म्हणून मी पहिल्यांदा तिथे बसलो. डावीकडून मागून सर येत होती, पागोळ्या वेगळ्या, पत्र्यावरचा ताशा वेगळा.

आईची मालिका चालू होती. “अरे, तो मागचा पाऊस जरा कमी कर ना,” ती म्हणाली.

“तो आपला नाहीये, आई.”

“मग त्या बाईचं बोलणं वाढव.”

मी दोन डेसिबल वाढवले.