वजन बरोबर आहे, मग शुगर कशाला तपासायची?

चाळिशीच्या आसपासची माणसं हा प्रश्न मला वारंवार विचारतात. वजन उंचीला साजेसं आहे, त्रास काही नाही, मग रक्त कशाला द्यायचं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: वजनकाटा बाजूला ठेवा आणि घरातली शिवणकामाची टेप घ्या.

आपल्याकडे वजन फसवतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच आकडे छापले होते. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, यडकिन यांची ९.१ टक्के. पोटाच्या आत साठणारी चरबी रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते, आणि काट्याला ती वेगळी दिसत नाही.

म्हणून कंबर मोजायची. पँटचा नंबर सांगू नका. पँट पोटाखाली बांधली जाते. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, उघड्या त्वचेवर, टेप सगळीकडून आडवी ठेवून, सहज श्वास सोडल्यावर मोजा. पोट आत ओढलंत तर मोजण्यात अर्थच उरत नाही.

आता मधुमेहाच्या धोक्याचे गुण मांडा. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनची ही पद्धत आहे. वय ३५ ते ४९ असेल तर २०, पन्नाशी झाली असेल तर ३०. पुरुषांची कंबर ९० ते ९९ सेंटिमीटर असेल तर १०, १०० किंवा जास्त असेल तर २०. बायकांसाठी हेच टप्पे ८० आणि ९० ला. बैठं काम आणि व्यायाम शून्य, तर ३०. नियमित व्यायाम किंवा कष्टाचं काम यांपैकी एक असेल तर २०. दोन्ही असतील तर शून्य. आई किंवा वडिलांना मधुमेह असेल तर १०, दोघांनाही असेल तर २०. बेरीज ६० किंवा त्यावर गेली की धोका जास्त, तपासणी करायचीच.

पंचेचाळिशीचा, ऑफिसात बसून काम करणारा, ९४ सेंटिमीटर कंबरेचा, वडिलांना मधुमेह असलेला माणूस घ्या: ७० गुण. वय आणि वडील बदलता येत नाहीत. पण नियमित चालणं सुरू झालं आणि कंबर नव्वदच्या आत आली की तोच माणूस ५० वर येतो.

गुण म्हणजे निदान नव्हे. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ किंवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ५.७ ते ६.४ असेल तर ती मधुमेहाआधीची पायरी. एक खबरदारी फार महत्त्वाची वाटते: लोहाच्या कमतरतेमुळे अ‍ॅनिमिया असेल तर एचबीए१सी खोटी वाढलेली येऊ शकते, आणि विदर्भात किंवा नंदुरबारकडे आढळणाऱ्या सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजारात खोटी कमी. अशा वेळी उपाशीपोटीची आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणीच धरा.

या पायरीवरच्या लोकांचा चेन्नईत अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चालणं आणि आहारातले बदल यांमुळे सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचा धोका २८ टक्क्यांनी घटला, तोही वजनात फारसा फरक न पडता. त्यामुळे काटा हलत नाही म्हणून चालणं सोडू नका, असं मी कळकळीने सांगते.

चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग हवा. रोज तीस मिनिटं, आठवड्यात पाच दिवस. रात्री जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटांची फेरी वेगळी मारा, कारण त्या वेळी स्नायू रक्तातली साखर थेट वापरतात.

ताटात पोळी आणि भात दोन्ही पोटभर असतात, वरण मात्र पातळ. एक पोळी किंवा अर्धा भात कमी करून मटकीची उसळ वाटीभर घ्या. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण तीन खाल्ल्यात तर पिष्ट तेवढंच पोटात जातं. दिवसाचे चार चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास. दर पंधरवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत जा, जीभ जुळवून घेते. साखरेऐवजी गूळ घालून शुगरच्या दृष्टीने काही साधत नाही.

तीन महिन्यांनी कंबर आणि एचबीए१सी पुन्हा बघा. त्याआधी एचबीए१सी करून उपयोग नाही, तांबड्या पेशींचं आयुष्य साधारण १२० दिवसांचं असतं. आणि गरोदरपणात जिची शुगर वाढली होती, तिने गुण कितीही कमी आले तरी ही तपासणी आयुष्यभर ठरावीक काळाने करत राहावी.