तुम्ही विचारलंत म्हणून: मग ते आपलं दर्शनच ना?

मी जुन्या लॅटिन स्तोत्रांच्या नादी लागले आहे हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो. ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या गच्चीवर, कुठेही. मी सांगत असते, की चौथ्या शतकापासून नवव्या शतकापर्यंतच्या या ख्रिस्ती कवींना पाहण्याचं भारी वेड. उजेड, डोळे, नजर, भिंतीवरची चित्रं यांच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही. समोरचा माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "म्हणजे आपलं दर्शनच की! आपण देवाला बघायचं आणि देवाने आपल्याला."

उभ्याउभ्या मी "हो, साधारण तसंच" म्हणते, कारण जेवणाच्या ताटावर याहून जास्त बोललं तर काकू पुढे सरकतात. पण ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त मजेचं आहे. बसून सांगते.

आधी जुळणारा भाग. मिलानचा बिशप अम्ब्रोज हा ३७४ ते ३९७ या काळातला. लॅटिन स्तोत्रांची सगळी परंपराच त्याच्यापासून धरतात. कोंबडा आरवण्याच्या वेळी म्हणायचं त्याचं एक स्तोत्र आहे. त्यामागची कथा अशी: येशूला पकडून नेल्यावर त्याचा शिष्य पेत्र तीनदा म्हणाला, मी या माणसाला ओळखत नाही. तेवढ्यात कोंबडा आरवला. लूकच्या शुभवर्तमानात इथे एक छोटंसं वाक्य येतं, की प्रभूने वळून पेत्राकडे पाहिलं. पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला. अम्ब्रोज त्या एका नजरेवर कडवं रचतो: "येसू, लाबान्तेस रेस्पिचे, एत नोस विदेन्दो कोरिजे." येशू, पाय घसरणाऱ्यांकडे वळून पाहा, आणि पाहूनच आम्हाला ताळ्यावर आण. तू पाहिलंस की चुका गळून पडतात, रडण्यात अपराध विरघळतो.

ना रागावणं, ना उपदेश. पाहणं हेच औषध. आणि लक्षात घ्या, इथे भक्त काहीच पाहत नाहीये. तो फक्त म्हणतोय, माझ्याकडे बघ. कोकणातल्या गाऱ्हाण्यात "लक्ष असू दे रे महाराजा" म्हणणाऱ्याला हे कडवं समजावून सांगावं लागणार नाही.

त्यात भर म्हणजे त्या काळचं शास्त्र. डोळ्यातून किरण बाहेर पडतो आणि वस्तूला जाऊन भिडतो, असं शिकलेली माणसं मानत. त्या काळचा मोठा ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन, त्यानेही तसंच लिहिलं आहे. म्हणजे पाहणं हा एक प्रकारचा स्पर्शच. एकदा हे धरलं की या कवितेतलं उजेडाचं वर्णन निव्वळ अलंकार म्हणून वाचता येत नाही. कवी "मला पाहा" म्हणतो तेव्हा त्याला खरोखर काहीतरी येऊन लागायला हवं असतं.

आता जिथे जुळत नाही तिथे येऊ. स्पेनचा प्रुडेन्टियस, जन्म ३४८ चा. रोमला जाताना तो वाटेत आजच्या इमोला गावी थांबतो. तिथे कासियान या हुतात्म्याची कबर आहे. कासियान शिक्षक होता, लघुलिपी शिकवायचा. त्याला मारण्याची शिक्षा त्याच्याच विद्यार्थ्यांच्या हाती दिली गेली, आणि मुलांनी लिहायच्या टोकदार लोखंडी लेखण्यांनी त्याला भोसकलं. कवितेत ती पोरं वर म्हणतात, गुरुजी, तुम्ही शिकवलेल्या हजारो खुणा आज परत करतोय. शिकवणी घेणाऱ्यांनी हे जपून वाचावं!

प्रुडेन्टियस कबरीपुढे आडवा पडून आपल्या काळज्या आठवत रडत असतो. मग तो तोंड वर करतो, तर समोर चित्र: रंगांत काढलेला हुतात्मा, अंगभर जखमा, भोवती मुलं. तिथला राखणदार सांगतो, पाहुण्या, ही म्हाताऱ्या बायकांची भाकडकथा नाही, चित्र इतिहास सांगतंय. गोष्ट ऐकून झाल्यावर कवी काय करतो? चित्राला नमस्कार करत नाही. तो कबरीला मिठी मारतो. त्याच्या ओठांनी वेदी गरम होते, छातीने दगड गरम होतो. मग तो मनातलं सगळं तिथे सांगतो, रोमला जातो, काम फत्ते होतं आणि घरी परतल्यावर कासियानचे गुण गातो.

पंढरपुरात मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी. पण दोन्ही रांगा एकाच विठोबापाशी पोचतात. इमोलाला चित्र एक आणि कबर दुसरी. चित्राचं काम गोष्ट सांगण्याचं, ऐकून घेण्याचं काम कबरीचं. चित्रातला कासियान कवीकडे पाहतो असं कवितेत कुठेही नाही. मला वाटतं, सगळा फरक या एका जागी आहे.

इटलीतल्या नोलाचा कवी पाउलिनुस जवळपास त्याच वर्षांतला, तो तर चित्रांचा हिशेब अगदी उघड मांडतो. संत फेलिक्सच्या उत्सवाला खेड्यापाड्यांतून माणसं येतात, रात्रभर खातात-पितात, म्हणून भिंती रंगवल्या. चित्रं बघण्यात, एकमेकांना दाखवण्यात आणि खालच्या ओळी वाचण्यात वेळ गेला की तेवढी दारू कमी. उत्सवाच्या व्यवस्थापनाचं असं प्रामाणिक कारण मी इतरत्र वाचलेलं नाही.

मला यातला सगळ्यांत जवळचा कवी मात्र वेनान्टियस फोर्टुनाटुस. सहाव्या शतकातला, उत्तर इटलीतल्या त्रेविझोजवळचा, शिकला राव्हेन्नात. त्याचे डोळे दुखायला लागले, इतके की दिसेनासं व्हायला लागलं. राव्हेन्नाच्या एका चर्चमध्ये भिंतीवर संत मार्टिनचं चित्र होतं. त्या चित्राच्या पायांपाशी कोनाडा, कोनाड्यात काचेच्या भांड्यात तेवणारा दिवा. त्या दिव्याचं तेल त्याने डोळ्यांना लावलं आणि लावताक्षणी दुखणं पळालं, असं त्याने स्वतः मार्टिनच्या चरित्रकाव्याच्या शेवटी लिहून ठेवलं आहे. पुढे आठव्या शतकात लोम्बार्डांचा इतिहासकार पाउलुस हीच गोष्ट सांगतो.

पुन्हा तेच बघा. चित्र समोर आहे, पण गुण येतो तो दिव्याच्या तेलाने. उजेडाला आतून पोसणारं तेल डोळ्यांना लागतं आणि डोळ्यांत उजेड येतो. लॅटिन कवितेत डोळ्यांना आणि दिव्याला एकच शब्द चालतो, 'लुमेन'. एरवी मी शब्दांच्या अशा जुळण्यांवर फार भार टाकत नाही, पण फोर्टुनाटुसच्या बाबतीत ती जुळणी त्याच्या स्वतःच्या कपाळावरून ओघळलेली आहे.

या उपकाराची फेड म्हणून आपण आजच्या फ्रान्समधल्या तूर शहरी मार्टिनच्या कबरीकडे निघालो, असं तो म्हणतो. काही अभ्यासकांना हे पचत नाही. नवस फेडायला निघालेला माणूस ५६६ साली मेट्झला राजा सिगिबेर्टच्या लग्नात मंगलकाव्य कसा वाचतो, असा त्यांचा सवाल. मला त्यात विसंगती दिसत नाही. आपल्याकडेही यात्रेला निघालेला माणूस वाटेतलं लग्न चुकवत नाही.

शेवटी तो पॉइतिएला स्थिरावला. तिथे राणीपद सोडून मठात राहिलेल्या रादेगुंडने ५६९ मध्ये कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सम्राटाकडून, दुसऱ्या युस्टिनकडून, येशूच्या क्रुसाचा तुकडा मागवला. त्याच्या स्वागतासाठी फोर्टुनाटुसने स्तोत्र लिहिलं. राजाची निशाणं निघाली आहेत, क्रुसाचं गूढ झळकतं आहे, अशी त्याची सुरुवात. झळकतं काय, तर गूढ. पुढे तो क्रुसाला देखणं, तेजस्वी झाड म्हणतो, राजाच्या जांभळ्याने सजलेलं. तो जांभळा म्हणजे रक्त. आलेली वस्तू लाकडाचा तुकडा होती, आणि लाकूड काही चमकत नाही. गर्दीच्या डोळ्यांना जे दिसणार नाही ते ओळीनेच दाखवायचं, ही त्याची युक्ती. राव्हेन्नातच, सन ५०० च्या आसपास बांधलेल्या बिशपच्या छोट्या प्रार्थनागृहात, प्रवेशाशी एक ओळ आहे: उजेड एकतर इथेच जन्मला, नाहीतर इथे पकडला गेला आणि कैदेत असूनही मोकळेपणी राज्य करतो. मोझेइकच्या सोनेरी खड्यांवर याहून चांगली ओळ लिहिता येईल असं मला वाटत नाही.

आठव्या शतकाच्या अखेरीस चित्रांवरून मोठा वाद पेटला. ७८७ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने चित्रांना मान देण्याला मान्यता दिली. त्या ठरावाचा वाईट लॅटिन अनुवाद फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या दरबारात पोचला आणि तिथले पंडित भडकले. उत्तर लिहिलं थिओडुल्फने. हा स्पेनकडून आलेला गॉथ, पुढे ओर्लेआँचा बिशप झाला, आणि उत्तम कवी होता. त्याचा एक युक्तिवाद फार खट्याळ आहे. दोन सुंदर स्त्रियांची चित्रं आहेत आणि खाली नाव नाही. कुठली येशूची आई मारिया आणि कुठली रोमनांची प्रेमदेवता व्हीनस, हे कशावरून ठरवणार? एकीखाली 'मारिया' लिहा, तिला मान मिळेल. दुसरीखाली 'व्हीनस' लिहा, तिला फेकून देतील. रंग तेच, लाकूड तेच. पवित्र काय ते अक्षर ठरवतं.

असा माणूस स्वतःचं प्रार्थनागृह बांधतो तेव्हा काय करतो? ८०६ मधलं हे बांधकाम लुआर नदीजवळच्या जेर्मिन्यी-दे-प्रे या गावात अजून उभं आहे. वेदीमागच्या अर्धघुमटात ख्रिस्त नाही, मारिया नाही. कराराचा कोश, म्हणजे बायबलमधली दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, आणि देवदूत आहेत. आणि खाली थिओडुल्फची ओळ: "इथे पाहा, टक लावून पाहा." चित्रांवर एवढा अविश्वास असलेला माणूस पाहण्याची आज्ञा एका ओळीत दोनदा देतो! पण पुढे लगेच काम सांगतो, की हे पाहणाऱ्या, प्रार्थना करशील तेव्हा त्यात थिओडुल्फचंही नाव घे. तुमची नजर भिंतीवर रेंगाळलेली त्याला नकोय. ती कोशावरून अक्षरांवर आणि अक्षरांवरून प्रार्थनेत जायला हवी. दर्शन घेऊन आपण तृप्त होऊन बाहेर पडतो, थिओडुल्फ पाहणाऱ्याला कामाला लावतो.

त्याच पिढीत हे सगळं एका पानावर आणणारा माणूस म्हणजे आजच्या जर्मनीतल्या फुल्डाच्या मठातला राबानुस माउरुस. ८१० च्या सुमारास त्याने क्रुसावर अठ्ठावीस कविता रचल्या. अठ्ठावीस का, तर ती स्वतः सोडून ज्या ज्या संख्येने तिला भाग जातो त्या सगळ्यांची बेरीज (१, २, ४, ७, १४) पुन्हा अठ्ठावीसच येते, म्हणून ती परिपूर्ण संख्या. पान म्हणजे अक्षरांची चौकट. आडव्या ओळी वाचल्या की एक कविता. त्या चौकटीवर रंगांत आकृती काढलेली असते, आणि आकृतीच्या रेषेच्या आत सापडलेली अक्षरं जोडली की दुसरी कविता. फोर्टुनाटुसनेही तेहेतीस ओळींत तेहेतीस-तेहेतीस अक्षरांची अशी एक चौकट केली होती, एका कैद्याच्या सुटकेसाठी बिशपला गळ घालायला. राबानुसने त्या खेळाचं अख्खं पुस्तक केलं.

शेवटच्या पानावर वर क्रूस आणि खाली गुडघे टेकलेला भिक्षू, म्हणजे राबानुस स्वतः. त्याच्या शरीराच्या रेषेत जी अक्षरं येतात त्यांतून निघतं: कृपाळू ख्रिस्ता, मी राबानुस विनवतो, न्यायाच्या वेळी मला सांभाळ. ओळीतलं 'सांभाळ' हे क्रियापद लॅटिनमध्ये 'निरखून पाहणे' असंही चालतं. चित्रातला माणूस स्वतःच अक्षरांचा बनलेला आहे आणि ती अक्षरं अम्ब्रोजचंच मागणं मागतात.

हे पुस्तक वाचायचं असेल तर अनुवाद शोधत बसू नका. साध्या ओळींत मजकूर उतरवून घेतला की आतली कविता नाहीशी होते. फुल्डात तयार झालेली एक प्रत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे, आणि अशा हस्तलिखितांची पानं हल्ली पडद्यावर मोठी करून बघता येतात. लॅटिन येत नसलं तरी अडत नाही. रंगीत रेषेच्या आतलं एकेक अक्षर कागदावर मांडत जायचं. मला शेवटच्या पानाला अख्खी दुपार लागली होती.