आमची वाटचाल: तळाची तोटी

आमच्या गल्लीत तळाला तोटी असलेलं अर्काचं भांडं, म्हणजे पाला उकळून वाफेतून तेल काढायचं भांडं, पहिल्यांदा आम्ही केलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण आज त्याचं श्रेय दुसऱ्याच्या नावावर सांगितलं जातं आणि ते मला अजून लागतं.

मी मूळचा दुधाच्या टाक्यांवर आर्गन मारणारा, म्हणजे आर्गन गॅसवर स्टेनलेसचं वेल्डिंग करणारा. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नोकरी केली, मग लेथवाल्या तात्यांच्या शेडचा अर्धा भाग भाड्यानं घेऊन स्वतःचं मशीन लावलं. पहिले सहा महिने तात्यांनी भाड्याचा विषयसुद्धा काढला नाही. लेथचं काम त्यांचं, पत्रा आणि वेल्डिंग माझं. हॉटेलांची काउंटरं, गुऱ्हाळाच्या काहिलींची डागडुजी, दारात येईल ते करायचं.

गवती चहाचं तेल काढायला पन्नास लिटरचं पहिलं भांडं आजऱ्याकडच्या काकींनी करून घेतलं. 304 स्टेनलेसचा दोन एमएम पत्रा, आत पाल्याची जाळी, वर टोपण, बाजूला वाफ थंड करायचा कंडेन्सर. तीन महिन्यांनी काकी शेडमध्ये आल्या त्या हाताला फडकं गुंडाळूनच. घाणा संपला की जाळीखाली दहा-बारा लिटर कढत पाणी उरतं. भांडं कलंडून ते ओतताना हात कोपरापर्यंत भाजला होता. आरडाओरडा नाही, पैसे परत द्या नाही. म्हणाल्या, "भांडं झ्याक हाय रं पोरा, पण वतायचं कसं तेवढं सांग."

मला त्या रात्री झोप आली नाही. टाकीला ड्रेन ठेवायचा हे दूधवाल्यांच्या कामात मी शेकडो वेळा केलं होतं आणि इथं विसरलो होतो.

पहिली तोटी मी बाजूला, तळापासून दोन इंच वर लावली, कारण तिथं वेल्डिंगला हात पोचतो. चूक. दोन-तीन लिटर पाणी खाली राहायचं, पाल्याचा चोथा त्यात कुजायचा आणि पुढच्या घाण्याच्या तेलाला आंबूस वास यायचा. मग तळाच्या मधोमध लावली. तीही चूक, कारण खाली लाकडाची चूल. व्हॉल्व्हच्या आतली टेफ्लॉनची सीट 260 अंशांपर्यंत टिकते, थेट जाळात नाही. दुसऱ्याच आठवड्यात कॉक गळायला लागला. तिसऱ्या वेळी तात्या म्हणाले, "तोटी जाळात कशाला ठेवतोस? पाणी बाहेर आण आणि मग अडव." तळाला किंचित खोलगट केलं, सगळ्यात खालच्या बिंदूला एक इंची हाफ कपलिंग (पाइप जोडायचा आखूड तुकडा), त्यातून उतार देऊन पाइप चुलीच्या बाहेर आणि तिथं फुल बोअरचा, म्हणजे पाइपाएवढंच भोक असलेला बॉल व्हॉल्व्ह. पाइपात पाणी भरलेलं असतं, म्हणून तो जाळात असूनही शंभर अंशांच्या फार वर जात नाही. कपलिंगच्या तोंडावर आतून भोकांची टोपी, म्हणजे चोथा अडकत नाही. हेच आमचं भांडं. आजही तेच आहे.

करणाऱ्यांसाठी सांगतो. भोक होल सॉनं (गोल करवतीनं) पाडा, गॅस कटरनं नाही, आणि कड कानशीनं साफ करा. वेल्डिंगचे चार छोटे टाके समोरासमोर मारा, मग थोडं इकडे थोडं तिकडे असं भरत जा, नाहीतर तळ पिळवटतो. आणि मागच्या, म्हणजे भांड्याच्या आतल्या बाजूनं आर्गन सोडून हवा हटवल्याशिवाय टाका भरू नका. हे शेवटचं वाक्य मला फार महाग पडलेलं आहे.

एका संस्थेची बावीस भांड्यांची ऑर्डर आली. तोवर एवढं मोठं काम आम्ही केलं नव्हतं. निम्मे पैसे आगाऊ, त्याचा सगळा पत्रा घेतला, वर कर्ज. मुदत जवळ आली तशी मी घाई केली आणि काही भांड्यांना मागून गॅस न सोडताच वेल्डिंग केलं. बाहेरून टाका चांदीसारखा, आतून काळा खरबरीत. स्टेनलेस असं जळलं की तिथं स्टेनलेस राहत नाही. नऊ भांडी गंज आणि गळती घेऊन परत आली. चूक माझी होती, ती मी त्यांच्या तोंडावर कबूल केली आणि सगळी बदलून देतो म्हणालो.

तो 2019 चा ऑगस्ट. पंचगंगेनं धोक्याची 43 फुटांची पातळी कधीच ओलांडली होती, शिरोलीजवळ हायवेवर पाणी आणि वाहतूक बंद. पत्रा येईना, तयार माल जाईना, हप्ता मात्र थांबत नाही. त्या दिवसांत समोरच्या शेडवाल्यानं संस्थेत जाऊन सांगितलं, "त्यांची तोटी गळतेच. आम्ही वेल्डिंग करतच नाही, नट लावतो." तो माझ्याकडे चहा प्यायला यायचा. माझ्या भांड्याखाली वाकून बघितलेलं मी पाहिलं होतं. उरलेली ऑर्डर त्याला गेली.

त्यानं काय केलं? भोक पाडलं, आटे असलेली आखूड नळी (निपल) घातली, दोन्हीकडून नट आणि मध्ये रबराचा वॉशर. भाव माझ्यापेक्षा दीड हजारानं कमी. गवती चहाचं तेल रबराला फुगवतं, मऊ करतं, आणि रबराचा वास तेलात उतरतो. आकार नेला, कारण नेलं नाही. तरी बाजारात बोलबाला त्याचा झाला.

मी मशीन विकायला काढलं होतं. गिऱ्हाईकही बघून गेलं. रस्ता सुरू झाल्यावर काकी एसटीनं आल्या, पिशवीत तेलाची बाटली आणि पदराला गाठ मारलेले पैसे. बचत गटातल्या तिघींसाठी भांडी हवी होती. "तुझंच पायजे, तोटीचं," म्हणाल्या. पूर्ण रक्कम आधी ठेवली. ती तीन भांडी मी आणि तात्यांनी रात्रभर पाणी भरून, खाली कोरडा पेपर अंथरून तपासली. पेपर सकाळी कोरडा होता.

पुढची वर्षं नीट गेली.

भांडं घेणाऱ्यांना एक सांगतो. तोटी उघडायच्या आधी टोपण सैल करा. सगळीकडून बंद भांडं निवलं की आतली वाफ आटते आणि बाहेरची हवा पत्रा आत दाबते, मग पोचा काढायला माझ्याकडेच यावं लागतं. पाणी उतरवताना पाय बाजूला ठेवा. तळ कोरडा असताना जाळ घालू नका. आणि धंदा करणाऱ्यांना: एकाच पार्टीची ऑर्डर अंगावर घेऊन सगळा पत्रा भरू नका.

मोहाची किंवा गुळाची गाळायला भांडं द्या असेही फोन येतात. परवान्याशिवाय दारू गाळणं हा 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. मी फोन ठेवतो.

मागच्या आठवड्यात एक पोरगा समोरच्या शेडचं भांडं घेऊन आला. नटाजवळून ठिबकत होतं, वॉशर बोटाला चिकटत होता. मी नट कापला, भोक मोठं केलं, कपलिंग बसवलं आणि मागून आर्गन सोडून टाका भरला. मजुरी नेहमीचीच घेतली. भांडं कुणी केलंय ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाणी भरून, खाली पेपर घालून रात्री शेड बंद केलं.