मशीन चालू केलं की सव्वाचार

सगळ्यात आधी, विसरायच्या आत एक सांगून टाकतो. जुन्या कॉम्प्युटरच्या घड्याळाचा सेल आणायला जाल तेव्हा जुना सेल खिशात घालून न्या, आणि काउंटरवरचा माणूस त्याच्याकडे न बघताच ‘चालेल हो, बसून जाईल’ म्हणाला तर पाकिटाला हात लावू नका. माझे अडीचशे रुपये गेले.

आता मुळापासून. रविवार कारंज्याजवळ मामांची छोटी प्रेस आहे. नाशिक आणि छपाई म्हटलं की बाहेरच्यांना नाशिकरोडच्या नोटा आठवतात. मामांकडे लग्नपत्रिका, बिलबुकं आणि वास्तुशांतीची निमंत्रणं छापतात. तिथे कोपऱ्यात एक पॉवर मॅक जी फोर, म्हणजे ॲपलचा जुना कॉम्प्युटर, धूळ खात पडला होता. २००२चं क्विकसिल्व्हर मॉडेल, ८०० मेगाहर्ट्‌झ. एके काळी सगळ्या पत्रिकांची जुळणी याच्यावर व्हायची. यंदा दिवाळीच्या साफसफाईत मामांनी तो भंगारवाल्याच्या वजनकाट्याजवळ नेऊनही ठेवला होता. मी म्हटलं, मामा, थांबा, याच्यावर लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकून देतो, कामांची नोंदवही आणि बिलं यावर करा. मामा म्हणाले, “टाक बाबा, पण लग्नसराई सुरू व्हायच्या आत.” तुळशीची लग्नं लागून गेली होती, म्हणजे मुदत संपलेलीच होती.

त्याचीच जुनी सिस्टिम का नाही ठेवली, असं कोणी विचारेल. मॅकची २००७ची लेपर्ड आवृत्ती घालायला निदान ८६७ मेगाहर्ट्‌झचा जी फोर लागतो. आमचा ८००चा. सदुसष्टने नापास. त्याआधीच्या टायगरवर आजच्या काळात काही करता येत नाही. उरलं लिनक्स, पण तेही वाटतं तितकं सरळ नाही, कारण याच्या पोटात इंटेल नाही, पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर आहे. नेहमीच्या पीसीसाठीची सीडी याला कळतच नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकाराची पॉवरपीसीसाठीची शेवटची अधिकृत आवृत्ती म्हणजे २०१५ची जेसी. २०१७च्या स्ट्रेचपासून ३२ बिटी पॉवरपीसी यादीतून गेला. तेव्हापासून काही स्वयंसेवक ‘पोर्ट्स’ नावाच्या बाजूच्या विभागात तो जिवंत ठेवतात. तिथे स्थिर आवृत्ती वगैरे प्रकार नाही, कायम चालू कामाची ‘सिड’ शाखा. त्या लोकांना माझा दंडवत, पुढे काहीही लिहिलं तरी.

सीडी मी मागच्या डिसेंबरातच डाउनलोड करून ठेवली होती. हे लक्षात ठेवा, पुढे नडणार आहे. सीडी घातली, सी दाबून धरला, चालू केलं, इन्स्टॉल झालं. प्रेसमध्ये वायफाय नाही, केबल नाही, म्हणून नेटशिवायच पायाभूत सिस्टिम टाकली. बाकी सगळं नंतर मोबाईलच्या नेटवर, यूएसबीने जोडून. या मॅकचे यूएसबी पोर्ट जुन्या १.१ जातीचे, सेकंदाला जास्तीत जास्त १२ मेगाबिट, पण आमच्या प्रेसमध्ये मोबाईलची रेंजही तेवढीच येते.

आणि इथे गाडी रुतली.

पॅकेजांची, म्हणजे प्रोग्रामच्या गठ्ठ्यांची, यादी ताजी करायला गेलो की ती आणणारं एपीटी म्हणायचं, सही पटत नाही. डेबियनमध्ये पॅकेजांच्या यादीवर डिजिटल सही असते आणि ती तपासायच्या किल्ल्या तुमच्या मशीनवर आधीपासून असाव्या लागतात. पोर्ट्सची सहीची किल्ली दर वर्षी बदलते. माझी सीडी वर्षाची जुनी, म्हणजे किल्लीही जुनी. सोपं आहे, म्हटलं. घरच्या लॅपटॉपवर किल्ल्यांचं नवं पॅकेज उतरवलं, पेन ड्राइव्हवर घातलं, दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये नेऊन टाकलं. तरी सही पटत नाही. वाटलं फाईल अर्धवट उतरली असेल. पुन्हा आणली, तेच. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मिररवरून, म्हणजे त्याच फायलींची नक्कल ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, आणली, तेच. चौथ्या दिवशी किल्ल्या एकेक करून हाताने जोडल्या. पाचव्या दिवशी पेन ड्राइव्हवर संशय घेतला आणि नवा विकत आणला. हा सगळा कार्यक्रम संध्याकाळी सात ते नऊ, प्रेस बंद होईपर्यंत, मशीनला चिकटून उभं राहून, कारण खुर्चीवर नेहमी कागदांची रीम ठेवलेली. बाहेर सिंहस्थासाठी चाललेली खोदकामं, आत कटिंग मशीन. डोकं उठलं होतं.

मधे एकदा तारखेची कमांडही दिली होती. खरंच दिली होती! पण मला शंका होती फक्त टाइम झोनची, म्हणून ओळीत आयएसटी दिसलं आणि मी पुढे गेलो. सहाव्या दिवशी पुन्हा दिली, तेव्हाही तेच, आणि ती ओळ पडद्यावर तशीच राहिली.

सहाव्या दिवशी मामा चहा घेऊन मागे येऊन उभे राहिले. इंग्रजी अक्षरांच्या त्या जंगलात त्यांना काय कळणार, असं माझ्या मनात आलं होतं, हे कबूल करतो. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि म्हणाले, “अरे, एकोणीसला मंगळवार कसा? एकोणीसला बुधवार होता.”

चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापणाऱ्या माणसाचा डोळा तो. पत्रिकेत मामाच्या नावातली वेलांटी चुकली तर लोक हसून सोडून देतात, वार आणि तारीख जुळली नाही तर सगळा गठ्ठा परत येतो. मी ओळ वाचली. मंगळवार, १९ नोव्हेंबर, आणि शेवटी वर्ष मागचं. महिना तोच असल्यामुळे मला खटकलंच नव्हतं. १९७० दिसलं असतं तर पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

मशीनमधला घड्याळाचा सेल मेलेला. मामा शटर ओढायच्या आधी न चुकता मेन स्विच बंद करतात, इतक्या कागदात शॉर्टसर्किटची भीती म्हणून. वीज गेली की मॅकचं घड्याळ शून्यावर. मॅकचं शून्य म्हणजे १९०४. लिनक्स चालू होताना सिस्टिमडी, म्हणजे सुरुवातीला बाकी सगळं चालू करणारं सॉफ्टवेअर, बघतं, की ही तारीख आपण स्वतः बनलो त्याच्याही आधीची आहे, मग ते घड्याळ स्वतःच्या बनण्याच्या क्षणापर्यंत पुढे ओढून ठेवतं. माझ्या सीडीतलं सिस्टिमडी मागच्या नोव्हेंबरातलं. म्हणून रोज संध्याकाळी सात वाजता मी बटण दाबायचो आणि मशीनच्या हिशेबाने तेव्हा मागच्या वर्षीच्या मंगळवारचे सव्वाचार वाजलेले असायचे. रोज तोच मंगळवार! आणि मी आणलेली नवी किल्ली त्या मंगळवारनंतर तयार झालेली. मशीनच्या दृष्टीने ती अजून जन्माला आलेली नव्हती, तिची सही ते मान्य करणार कसं?

सुरुवातीला भराभर सरकणाऱ्या ओळींत डिस्क तपासणी रोज सांगत होती, की ही डिस्क शेवटची जोडली ती वेळ भविष्यातली आहे. मी रोज ती ओळ जाऊ दिली. खात्रीसाठी एकदा सहीची तपासणी बंद करून पाहिली, तर एपीटीने शेवटी स्पष्ट सांगितलं: यादी अजून वैध नाही, वैध व्हायला आणखी ३७१ दिवस आहेत. हे आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? (तपासणी तशी बंद ठेवू नका. मी लगेच परत चालू केली.)

तारीख हाताने लावली. सगळं सुरळीत. ज्या पॅकेजसाठी सहा संध्याकाळी गेल्या ते पावणेदोन मिनिटांत उतरलं. नेटवरून वेळ जुळवणारं टाइमसिंकडी मी पायाभूत सिस्टिमच्या वेळी टाकलं नव्हतं, आणि ते आणायला तारीख बरोबर असावी लागते, हा विनोद मला आठवडाभराने कळला. तुम्ही ते आधी टाका. पण आमच्याकडे त्याने भागणार नव्हतं. मशीन प्रेसमध्ये नेटशिवाय राहणार आणि मेन स्विच रोज बंद होणार. बिलावर मागच्या वर्षीची तारीख छापली तर मामा मला घरात घेणार नाहीत. सेल बदलणं भाग होतं.

या मॅकचा सेल म्हणजे कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो तो गोल चपटा नाणेवजा सेल नाही. हा पेन्सिल सेलच्या अर्ध्या उंचीचा, ३.६ व्होल्टचा लिथियम सेल. एमजी रोडवरच्या चार दुकानांत विचारलं. दोघांनी नाणेवजा सेल पुढे केला. तिसऱ्याने “मॅक? मुंबईला जा” म्हणून मोबाईलच्या कव्हरांकडे तोंड वळवलं. चौथ्याने मात्र अगदी आत्मविश्वासाने कॅमेऱ्याचा सीआर टू दिला. बुटका, जाडा, दिसायला भाऊच वाटतो. घरी येऊन वाचलं तर ३ व्होल्टचा, आणि होल्डरमध्ये बसेना. परत द्यायला गेलो तर “पाकीट फोडलंय” म्हणाला. पाकीट त्यानेच फोडलं होतं, मला दाखवायला! दहा मिनिटं वाद घातला, मागे गिऱ्हाईकं गोळा झाली, त्यांतले एक काका मलाच म्हणाले, “जाऊ द्या हो.” जाऊ दिलं. म्हणजे जाऊ दिलं नाहीच, नाहीतर हे लिहीत बसलो नसतो.

उपाय सुचवला तो अंबडला कारखान्यात देखभालीला असलेल्या मित्राने. मी सेलचा फोटो पाठवला, त्याने तीन शब्दांत उत्तर दिलं, “हा पीएलसीचा आहे.” कारखान्यातल्या कंट्रोलरांमध्ये वीज गेल्यावर मेमरी जपायला असेच सेल असतात. त्याचं नाव ईआर १४२५०. नावातच माप आहे: जाडी १४ मिलिमीटरच्या वर काहीशी, उंची २५. मग काय, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ऑटोमेशनचं सामान विकणाऱ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “कुठल्या मशीनचा?” मी म्हटलं, “मॅकचा.” तो म्हणाला, “हा कंट्रोलर ऐकला नाही कधी,” आणि दोन मिनिटांत सेल हातात ठेवला. दोनशेच्या आत. इतकी वर्षं नाशिकमध्ये राहून मी एमजी रोडवर फिरत होतो आणि सेल सातपूर-अंबडच्या कपाटांत भरलेले होते.

घेताना साधा सेल मागा. पीएलसीसाठी येणाऱ्या काहींना वायर किंवा पत्र्याच्या पट्ट्या जोडलेल्या असतात, त्या होल्डरमध्ये बसत नाहीत. हा रिचार्ज होणारा नाही, चार्जरला लावायची हौस करू नका. मशीनची वायर काढून मगच बदला, प्लस-मायनस बघा, आणि बदलल्यावर मदरबोर्डवरचं पीएमयूच्या (वीज सांभाळणाऱ्या चिपच्या) रिसेटचं छोटं बटण एकदाच दाबा. एकदाच. खात्रीसाठी पुन्हा दाबायचा मोह होतो, पण दाबू नका. मशीन नुसतं ठेवून द्यायचं असेल तर सेल काढूनच ठेवा. जुने सेल फुटून आतलं रसायन बोर्डवर सांडल्याचे फोटो पाहिले की पोटात गोळा येतो. आमचा फुटला नव्हता, मल्टिमीटरवर नुसता १.१ व्होल्ट दाखवत होता.

मधेच राहून गेलेलं: सीने सीडी चालू होत नसेल तर ओपन फर्मवेअरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्याही आधी चालणाऱ्या मॅकच्या आतल्या प्रोग्राममध्ये, जावं लागतं. चालू करताच कमांड, ऑप्शन, ओ आणि एफ एकत्र दाबून धरायचे. साधा पीसीचा कीबोर्ड असेल तर कमांडच्या जागी विंडोजचं बटण, ऑप्शनच्या जागी आल्ट. पांढऱ्या पडद्यावर शून्य येतं, तिथे बूट, मग जागा सोडून सीडी, कोलन, स्वल्पविराम, दोन उलट्या तिरप्या रेघा, पुन्हा कोलन आणि टीबीएक्सआय. सगळं इंग्रजी अक्षरांत अर्थात. आणि आमच्यासारखं रेडिऑन ७५०० कार्ड असेल आणि ग्राफिक्स चालू झाल्यावर पडदा गोठत असेल, तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) रेडिऑनचा एजीपीमोड उणे एक करून द्या.

मराठीचं काम अपेक्षेपेक्षा सोपं निघालं. लोहित मराठी फॉन्ट टाकला आणि पहिली ओळ टाइप केली, “आमच्या येथे श्रीकृपेकरून”. मामांनी लगेच परीक्षा घेतली: कऱ्हाड लिही, वाऱ्यावर लिही. अर्धा र बरोबर आला. मग ल आणि श यांच्याकडे भिंग लावून बघितलं, आणि “आपले आहेत,” म्हणाले. जुन्या मॅकवर प्रत्येक फॉन्टची जुळणी वेगळी होती, फॉन्ट बदलला की मजकुराचा चिवडा. इथे युनिकोड असल्याने तसं होत नाही, याचं त्यांना खरं कौतुक वाटलं. लिनक्सचं अजिबात नाही.

नोंदवहीसाठी लिब्रेऑफिस टाकून पाहिलं, उघडेपर्यंत चहा होतो. न्यूमेरिक हे हिशेबाच्या तक्त्यांचं सॉफ्टवेअर हलकं आहे, ते ठेवलं. यूट्यूब लागतं का, असं विचारू नका.

सेल घातल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला बोलावून घेतलं. शटर उघडलं, मेन स्विच चालू केला, मशीनचं बटण दाबलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी जाऊन उभे राहिले. पडद्यावर तारीख आली. त्यांनी कॅलेंडरवर बोट ठेवून वार पाहिला, मग पुन्हा पडदा, मग पुन्हा कॅलेंडर.

“बरोबर आहे,” म्हणाले. “पण पहिल्या बिलाचं प्रूफ मी बघणार.”