रविवारची धाव, सोमवारची शुगर

रात्री ३ वाजता बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकूंचा फोन. "डॉक्टर, हे घामानं निथळतायत. काहीतरीच बोलतायत!"

"गिळता येतंय का त्यांना?"

"हो."

३ चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायला सांगितली आणि स्कूटर काढली. घर पलीकडच्याच गल्लीत.

मी पोचले तेव्हा काका खुर्चीत ओशाळून बसले होते. फोन करण्याआधी काकूंनी शुगरच्या मीटरवर पाहिलेला आकडा होता ४६. आता ७८.

"पण दुपारी १२८ होती हो!" काकांचं एकच पालुपद. रविवारी पहाटे कामाटीबागेपासून निघून ते १४ किलोमीटर धावले होते. हाफ मॅरेथॉनची तयारी. वर सेवउसळ, तिचा हिशेब मी त्या वेळी मागितला नाही.

धावताना स्नायू साखर ओढतात, तीही इन्सुलिनची वाट न बघता; ग्लुट-४ नावाचे वाहक आपसूक पेशीच्या कडेला येतात. हे काकांना ठाऊक होतं. धाव संपल्यावरचं ठाऊक नव्हतं. ग्लायकोजेनची, म्हणजे साठवलेल्या साखरेची, रिकामी कोठारं भरून घ्यायची असतात, म्हणून स्नायू पुढे एखाद-दोन दिवस इन्सुलिनला जास्तच दाद देतात. रात्रीच्या इन्सुलिनचे १८ युनिट तेवढेच होते, पण अंगाला भारी पडले. जोडीला ग्लिमेपिराइड. रक्तात साखर कमी असली तरी ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच.

आणि केसपेपरवर महिन्यापूर्वीचं माझंच अक्षर: 'धावणे सुरू, छान.' डोस मात्र जुनाच. किती धावता, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं. त्यांना काय बोलणार?

गोळीचा अंमल लांबतो, साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून दूध-पोळी खायला लावून ५ वाजेपर्यंत तिथेच बसले. १०४.

"त्यापेक्षा यांचं धावणंच बंद करा," काकू म्हणाल्या. ते मी ऐकलं नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी ८.४ टक्क्यांवरून ७.१ वर आली होती ती या धावण्यानंच. गोळी बंद केली, लांब धावेच्या रात्रीचं इन्सुलिन कमी केलं, झोपताना आणि रात्री २ वाजता मीटर बघायला सांगितलं.

पुढच्या रविवारी काका १६ किलोमीटर धावले. सोमवारी सकाळी काकूंचा फोन: "गजर यांनी लावला, उठले मी. ११२. आणि हे घोरत होते."