पार्किंगवरून हिटलरपर्यंत

परवा रात्री साडेनऊला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सेक्रेटरी काकांची नोटीस आली, दहानंतर पाहुण्यांच्या गाड्या आत घेणार नाही, बाहेर लावा. बस एवढंच. आणि सव्वादहाला एकाने लिहिलं, "ही हिटलरशाही चालणार नाही". पाऊण तासात! मग काकांच्या बाजूच्या कोणीतरी विरोध करणाऱ्यांना सूर्याजी पिसाळ म्हणून टाकलं, मग मोगलाई आली, आणीबाणी आली, आणि जिच्यावरून हे सगळं सुरू झालं ती पाहुण्यांची स्विफ्ट बिचारी अजून गेटबाहेर इंडिकेटर लावून उभी.

याचा चक्क नियम आहे. माइक गॉडविन नावाच्या अमेरिकन वकिलाने १९९० मध्येच सांगून ठेवलंय, तेव्हा फेसबुक सोडाच, लोक यूजनेट नावाच्या जुन्या ऑनलाइन चर्चामंचावर भांडायचे. वाद जितका लांबेल तितकी हिटलरशी किंवा नाझींशी तुलना होण्याची शक्यता १ च्या जवळ जाते, म्हणजे जवळजवळ खात्रीच. आता बरेच जण याचा अर्थ काढतात की ज्याने हिटलर काढला तो हरला. तसं गॉडविन म्हणालाच नव्हता. साठ लाख ज्यू मारले गेले ती गोष्ट लोक कशालाही चिकटवतात, हे त्याला खुपत होतं. उलट २०१७ मध्ये अमेरिकेत शार्लट्सव्हिलला गोरे वर्चस्ववादी मशाली घेऊन रस्त्यावर उतरले तेव्हा याच माणसाने सांगितलं की यांना खुशाल नाझी म्हणा.

मला हे पटतं. तुलना करा ना, पण जुळली पाहिजे. आणीबाणीत २१ महिने काय चाललं होतं, माणसं मिसा कायद्याखाली चौकशीशिवाय आत, पेपरांवर सेन्सॉर. आमच्या ए विंगमधले एक आजोबा तेव्हा येरवड्याला होते. "ही तर आणीबाणी" असा मेसेज आल्यावर त्यांच्या नावापुढे दोन मिनिटं टायपिंग टायपिंग दिसत होतं आणि मग काहीच आलं नाही.

तसं शाळेत पीटीच्या सरांना आम्हीपण हिटलरच म्हणायचो, पण पाठीमागे आणि हसत. कट्ट्यावर कोणी असं बोललं तर समोरचा म्हणतो "ए गप रे" आणि चहा मागवतो, विषय तिथेच मिटतो. ग्रुपवर पावणेदोनशे लोक गुपचूप बघत बसलेले असतात, त्यामुळे आधीच्यापेक्षा जड काहीतरी फेकल्याशिवाय कोणी माघार घेत नाही, आणि हिटलरपेक्षा जड आणायचं तरी काय?

शेवटी न राहवून मीच गॉडविनचा नियम टाकला ग्रुपवर, चांगला चार ओळींत, समजावून वगैरे. पहिला रिप्लाय: "गॉडविन कोण, सी विंगमधले का?"