कूतच्या वेढ्याआधीचे पत्र

अभिलेखागारात कागदांच्या संवर्धनाचे काम करताना मजकुरात गुंतायचे नाही, ही माझी जुनी सवय आहे. परंतु १०३ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतील एका तरुण शिपायाने १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, मेसोपोटेमियातून (आजच्या इराकमधून) आई-वडिलांना धाडलेली पत्रे समोर आली, त्या दिवशी ती सवय मोडली. पत्रे कॉपिंग पेन्सिलीची होती. ही अक्षरे कोरडी असेपर्यंत करडी दिसतात, मात्र पाणी लागताच त्यांतला ॲनिलिन रंग जांभळा होऊन पसरतो. त्यामुळे ठिसूळ झालेला कागद पाण्यात धुणे शक्यच नव्हते. घड्यांवरच्या चिरांवर पुढे कोणी तरी पारदर्शक टेप चिकटवली होती. ती कोमट स्पॅच्युलाने सोडवताना भिंगाखाली ओळ न् ओळ वाचली जाते.

आधीची सारी पत्रे सराईत मोडी लिपीत होती: साष्टांग नमस्कार, येथील सर्व क्षेम, मनिऑर्डर पोचल्याचे कळवावे, काळजी नसावी. पलटणीतल्या लिहित्या माणसाकडून पत्र लिहून घेण्याची तेव्हा सर्रास रीत होती आणि पुढे सेन्सॉरचीही नजर असे. म्हणजे हा मुलगा आई-वडिलांशी बोलत होता तो परक्यांच्या देखत.

शेवटचे पत्र नोव्हेंबरचे, बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईच्या थोडे आधीचे. ते मोडीत नव्हते. मोठी बाळबोध अक्षरे, चुकलेल्या वेलांट्या, आणि पेन्सिलीचा दाब इतका की कागदाच्या पाठीवर वळ उठले होते. तो लिहायला शिकला होता! सप्टेंबरच्या लढाईपासून रात्री झोप येत नाही, डोळे मिटायची भीती वाटते, हे लेखनिकाला कधीही न सांगितलेले त्याने इथे स्वतःच्या हाताने लिहिले होते. मला काही वेळ हातातले काम थांबवावे लागले.

टेसिफॉनहून मागे हटलेल्या ब्रिटिश-हिंदी सैन्याला ७ डिसेंबरला टायग्रिसकाठच्या कूत गावात तुर्कांचा वेढा पडला. २९ एप्रिल १९१६ ला सैन्य शरण गेले, तोवर आतून टपाल निघणे बंद होते. गठ्ठ्यात त्यानंतरचे पत्र नाही, आणि घड्यांची सर्वांत जास्त झीज याच पत्राला आहे. घरी ते पुन्हा पुन्हा उलगडले गेले असेल, याखेरीज या झिजेचा मला तरी दुसरा अर्थ लागत नाही.

चिरांना मी गव्हाच्या स्टार्चची जवळजवळ कोरडी खळ लावून पातळ जपानी कागदाचा आधार दिला. नोंदपत्रकात सर्व पत्रे एकाच हातची दाखवली होती; तिथे शेवटच्या पत्रापुढे ‘शिपायाचे स्वहस्ताक्षर’ अशी स्वतंत्र नोंद मी आग्रहाने करून घेतली.